इंजिनाला रंग देण्याआधी साल ठरवा

भुसावळच्या लोकोशेडमध्ये मी १९७६ साली पेंटर खलाशी म्हणून लागलो. वाफेचे दिवस तेव्हा उताराला लागले होते, पण काम भरपूर होतं. इंजिन धुऊन आलं की नंबर उजळायचा, बफरबीमला, म्हणजे पुढच्या आडव्या तुळईला, लाल हात मारायचा, टेंडरवरची, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरची, पुसट अक्षरं पुन्हा उमटवायची. मला ब्रश धरायला ज्यांनी शिकवलं त्यांना अख्खी शेड वस्ताद म्हणायची. मी लागलो तेव्हा त्यांची तीस वर्षांच्या वर नोकरी झाली होती, आणि कोणत्या इंजिनावर कोणत्या अक्षराची शेपटी कशी आहे हे ते डोळे मिटून सांगायचे.

रिटायर झाल्यापासून चौथऱ्यावर उभ्या केलेल्या जुन्या इंजिनांसाठी मला बोलावणी येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, रंग कोणता घ्यायचा?" मी विचारतो, "साल कोणतं घ्यायचं?"

चाळीसगाव-धुळे लाइनवर उमेदीची वर्षं घालवलेले एक म्हातारे ड्रायव्हर, आमचे आबा, एकदा माझ्यासोबत असंच एक इंजिन बघायला आले होते. इंजिन पोपटी, चाकांचे आरे पिवळे, चाकांना जोडणारे दांडे, म्हणजे साईड रॉड, चांदी रंगाचे, धुरांड्याला लाल पट्टा. आबा दोन फेऱ्या मारून आले, कॅबच्या दांडीला हात लावला आणि म्हणाले, "हाई मनं इंजन नही शे." नंबर त्यांनी स्वतः चालवलेल्या इंजिनाचाच होता. त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं इंजिन काळं होतं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तेच होतं. त्या दिवशी परत येताना ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

साल आधी का, ते बघा. एक इंजिन चाळीस-पन्नास वर्षं धावतं. त्या काळात त्याचा मालक बदलतो, नंबर बदलतो, अंगावरचे भाग बदलतात. आपल्या भागातलं एखादं जीआयपीच्या, म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळातलं इंजिन घ्या. १९२५ साली जीआयपीचा कारभार सरकारकडे गेला, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे झाली. म्हणजे टेंडरवर जीआयपीची अक्षरं लिहायची असतील, तर १९५१ नंतर बसवलेली कुठलीही गोष्ट त्या इंजिनावर दिसता कामा नये. विजेचा हेडलाइट नंतरचा असेल आणि अक्षरं आधीची, तर ते इंजिन असं कधी कुणी पाहिलेलंच नाही.

ही चूक मोठमोठ्यांकडून झालेली आहे. इंग्लंडचं 'फ्लाइंग स्कॉट्समन' १९२३ मध्ये डॉन्कास्टरला बनलं. त्याचा सफरचंदी हिरवा रंग आणि ४४७२ हा नंबर जगाला पाठ आहे. पण दुसऱ्या महायुद्धात ते काळं होतं. पुढे ब्रिटिश रेल्वेत ६०१०३ झालं, काही काळ निळं होतं, मग गडद ब्रन्सविक हिरवं. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याला जोड धुरांडं आलं आणि १९६१ मध्ये तोंडाच्या दोन्ही बाजूंना धूर वर उडवणारे पत्रे बसले. सफरचंदी हिरवा गेल्यानंतरचे हे बदल. तरी नोकरीतून निघाल्यावर पुढे काही वर्षं ते पत्रे आणि तो सफरचंदी हिरवा रंग एकाच अंगावर फिरत होते. जाणकारांना ते खुपायचं. २०१६ मध्ये ते दुरुस्त होऊन बाहेर आलं ते ब्रन्सविक हिरव्यात, ६०१०३ नंबर घेऊन. आता रंग, नंबर, पत्रे, धुरांडं, सगळं एका काळचं आहे. ते जास्त देखणं दिसतं की नाही यावर लोक भांडोत, बरोबर मात्र ते आहे.

म्हणून पहिलं काम ब्रशचं नाही. एक वही घ्या आणि इंजिनाभोवती फिरा. बनवणाऱ्या कंपनीच्या पितळी प्लेटवर साल असतं, पण ते जन्माचं साल. तुमच्यासमोर उभं आहे ते इंजिन त्याच्या शेवटच्या दिवसांतलं आहे. हेडलाइट कोणता, ब्रेक कोणते, टेंडर मूळचं की दुसऱ्या इंजिनाचं, कॅबच्या छपराला नंतरचा तुकडा जोडलाय का, हे सगळं लिहा. साईड रॉडवर ठोकलेले नंबर वाचा, मात्र त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका. शेडात एका इंजिनाचा रॉड दुसऱ्याला लागणं रोजचं होतं. ही वही भरली की कळतं, की भाग न बदलता कोणतं साल खरेपणाने दाखवता येईल. बहुतेक वेळा ते नोकरीच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांतलं निघतं, म्हणजे साधं काळं. इथे लोकांचा चेहरा पडतो. मी त्यांना समजावतो, की नीट केलेला काळा डोळ्यांत भरतो.

फोटो कसा वाचायचा

साल ठरल्यावर सगळे फोटो शोधायला लागतात. शोधा, पण फोटो फसवतो. जुन्या फोटोची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. तिला निळा दिसायचा, हिरवा थोडाफार दिसायचा, लाल मात्र काळा यायचा. त्यामुळे काळ्या इंजिनावरची लाल रेघ फोटोत गायब होते आणि माणूस म्हणतो, रेघ नव्हतीच. निळा रंग उलट पांढरट येतो. सगळे रंग समजणारी फिल्म सर्रास वापरात यायला १९३० चं दशक उजाडलं. त्याआधीच्या फोटोवरून लाल आणि निळ्याबद्दल काहीही ठरवू नका. ही रेघ, ती पट्टी, ही अक्षरं एवढी जागा फोटोवरून घ्या. रंग दुसरीकडून घ्या.

दुसरी फसवणूक कारखान्याच्या फोटोची. विलायतेच्या कारखान्यांत नवं इंजिन तयार झालं की फोटोसाठी त्याला खास राखाडी रंग द्यायचे. चकाकी नाही, सावली नाही, प्रत्येक रिव्हेट दिसावा म्हणून. फोटो झाला की खरा रंग चढायचा. तो राखाडी फोटो पुस्तकात छापलेला बघून कुणीतरी इंजिनच राखाडी करून टाकतो. आणि आजकाल कॉम्प्युटरवर रंगवलेले जुने फोटो फिरतात, ते पुरावा म्हणून अजिबात धरायचे नाहीत. तिथला हिरवा कुणाच्या तरी मनातला असतो.

डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाचं वेगळं. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं नाक, त्यावर तारा. प्रत्येक शेडचा पेंटर आपली हौस त्या नाकावर करायचा. म्हणून दुसऱ्या शेडच्या डब्ल्यूपीचा तारा आपल्या डब्ल्यूपीवर चढवू नका. त्याच नंबरचा फोटो मिळाला तरच तसा काढा, नाहीतर साधा ठेवा.

इंजिनाला स्वतःलाच विचारा

हा या कामाचा जीव आहे, म्हणून सावकाश सांगतो.

जुन्या इंजिनाच्या अंगावर रंगाचे दहा-बारा थर असतात. सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. ते थर वाचता आले पाहिजेत, आणि वाचायच्या आधी कुणी घासून टाकता कामा नयेत. एका ठिकाणी मी पोचायच्या आदल्या आठवड्यात ठेकेदाराने वाळूचा फवारा मारून अख्खं इंजिन नागडं केलं होतं. लोखंड चकचकीत झालं होतं. सत्तर वर्षांचा हिशेब वाळूत मिसळून चौथऱ्याखाली पडला होता. मी ती वाळू हातात घेऊन बघितली, तिच्यात हिरवे-काळे कण होते, पण कोणता कशाच्या वरचा हे कोण सांगणार?

जागा अशी निवडा जिथे ऊन-पाऊस लागला नाही आणि नंतरच्या पेंटरचा ब्रश वरवर फिरला. नंबरप्लेटची मागची बाजू, दांडीच्या कडीखाली, टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत, कॅबच्या कोपऱ्यात. एका जागेवर समाधान मानू नका, निदान सहा जागा बघा. प्लेटच्या मागे रंग जाड असतो, कडीखाली पातळ, आणि कधी एखादा पत्राच नंतर बदललेला निघतो.

बोटाला ४०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा, पाण्यात बुडवा आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर गोल घासा. मधोमध जास्त, कडेला कमी. मग ६०० नंबर, मग १०००. हळूहळू वाटीसारखा खळगा होतो आणि झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी रंगांची वलयं उघडी पडतात. मधोमध लोखंड, त्याभोवती अस्तर, मग लांबी, म्हणजे पुट्टी, मग रंगावर रंग. शेवटी खळग्यात जवसाच्या तेलाचा एक थेंब सोडा, वलयं लख्ख दिसतात. भिंग लावा, शेजारी पट्टी ठेवून उन्हात फोटो काढा.

आता खरी गंमत. दोन थरांमध्ये काजळीची बारीक काळी रेघ दिसली, तर खालचा थर धूर खात नोकरीवर होता. रेघ नसेल, तर खालचा थर नुसतं अस्तर आहे, लगेच त्यावर दुसरा हात चढलाय. हे न कळल्यामुळे लोक अस्तराच्या तपकिरीला मूळ रंग समजतात. मी बघितलेल्या एका इंजिनावर बाहेरून आत अशी वलयं होती: चांदी, पोपटी, आकाशी, पुन्हा पोपटी. या चारांमध्ये काजळी कुठेच नव्हती, म्हणजे हे सगळे चौथऱ्यावरचे हात. त्याखाली काळा, काजळी, काळा, काजळी, काळा. आणि नंबरप्लेटच्या मागे, शेवटच्या काळ्यावर, पाव इंच रुंदीची मळकट पिवळी रेघ. हात थरथरला माझा. ती आखणीची रेघ होती. पन्नास वर्षांमागे कुणीतरी एका दमात ओढलेली. कडा अजून सरळ होती.

तो पिवळा मूळचा पिवळाच होता असं मात्र लगेच मानलं नाही. जुन्या पांढऱ्यात शिसं असायचं आणि कोळशाच्या धुरातल्या गंधकाने ते काळवंडतं. वरचं व्हार्निशही जुनं होऊन पिवळं पडतं. निळ्यावरचं व्हार्निश पिवळं झालं की निळा हिरवा दिसतो. म्हणून वरचं व्हार्निश वॉटर पेपरने अगदी हलकं काढून आतला रंग बघायचा आणि तोच धरायचा. ती रेघ आतून दुधी निघाली.

एक सक्त सूचना. जुन्या रंगात शिसं असतं, लाल अस्तरातला शेंदूर म्हणजे शिसंच. कोरडं घासू नका, मशीन लावू नका, तोंडाला चांगला मास्क बांधा, हात धुतल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नका. घासलेलं पाणी डब्यात गोळा करा, बागेत ओतू नका. आणि बॉयलरवरचा पत्रा उघडू नका. त्याखाली उष्णता धरून ठेवायला ॲस्बेस्टॉस भरलेलं असू शकतं, ते त्यातल्या जाणकारांचं काम आहे.

अक्षरांसाठी मी रात्री जातो. टेंडरच्या पत्र्याला टॉर्च अगदी चिकटवून तिरपी धरायची. जुन्या अक्षरांच्या रंगाची जाडी वरच्या दहा हातांतूनही उंचवट्यासारखी वर येते आणि तिरप्या उजेडात तिची सावली पडते. एका रात्री असंच टेंडरवर आधी एक आकडा दिसला, मग दुसरा, मग अख्खा नंबर, आणि त्याखाली अर्धवट झाकलेला आणखी जुना. तिथल्या तिथे बटरपेपर चिकटवून पेन्सिल आडवी घासून ठसा घ्यायचा. कॉम्प्युटरवरचं छापील वळण लावू नका. शेडच्या पेंटरचा हात छापील नसायचा. आमच्या वस्तादांचा ७ वरून थोडा बाकदार असायचा आणि मी आजही तसाच काढतो.

रंग जुळवणं आणि मारणं

रंगाच्या दुकानात नमुना घेऊन गेलो तेव्हा माझी एक चूक झाली होती. ट्यूबलाइटखाली हिरवा तंतोतंत जुळला. डबे घेऊन आलो, पत्र्यावर हात मारला, आणि दुपारच्या उजेडात दोन्ही वेगळे. चार लिटर रंग वाया गेला. तेव्हापासून नमुना ओला करून, बाहेर सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास जुळवतो. नवा रंग वीतभर पत्र्यावर दोन हात मारून, पूर्ण वाळवून, मगच शेजारी धरायचा. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतात. जुळला की भारतीय मानक आयएस ५ च्या रंगतक्त्यातला जवळचा नंबर लिहून ठेवा. कंपनीचं नाव बदलतं, नंबर टिकतो. बफरबीमचा लाल बहुतेक जण सिग्नल रेड, म्हणजे ५३७, घेतात; तोही खळग्यातल्या लालाशी ताडून बघाच. आणि रंगाच्या नावावर कधीही जाऊ नका. इंग्लंडच्या एका रेल्वेत विल्यम स्ट्राउडली नावाचा इंजिनिअर होता. त्याच्या रंगाचं नाव होतं 'सुधारित इंजिन हिरवा', आणि तो चक्क सोनेरी पिवळा होता.

काळाही एक नसतो. डांबराचा काळा तपकिरी छटा दाखवतो, काजळाचा काळा निळसर झुकतो. धुराच्या पेटीला आणि धुरांड्याला चकाकी नको, तिथे मंद काळा. बॉयलर, कॅब आणि टेंडरला चकाकी. हा फरक ठेवला की काळं इंजिन जिवंत होतं.

हवा आपल्याकडची वेगळी. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातल्या बॉयलरवर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर रंग मारला तर वरचा पापुद्रा लगेच वाळतो, आतला ओला राहतो आणि फोड येतात. त्यात धुळीचा वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. सकाळचं दव पुरतं सुकल्यावर सुरू करायचं, दुपारी तीनला ब्रश धुवायचा. थंडीत उशिरा मारलेल्या हातावर रात्री दव बसतं आणि चकाकी मरते. आदल्या संध्याकाळी चौथऱ्याभोवतीच्या जमिनीवर पाणी मारून ठेवा, धूळ बसते. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन हात मारा.

आखणीच्या रेघेला चिकटपट्टी लावू नका, कडेला उंचवटा राहतो. खारीच्या केसांचा लांब ब्रश, खडू लावलेली दोरी आणि श्वास. दोरीचा ठसा उमटवायचा, करंगळी पत्र्यावर टेकवायची आणि हात न हलवता स्वतः चालायचं. वस्ताद मला शेडातल्या जुन्या पत्र्यावर सहा महिने फक्त रेघा ओढायला लावायचे. घाई असेल तर रेघ सोडून द्या, वाकडी ओढू नका.

साईड रॉड आणि कनेक्टिंग रॉडला चांदी रंग लावतात, त्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ते उघडं पोलाद होतं, फायरमन तेलाच्या चिंधीने रोज पुसायचा. गंज काढून तेल आणि ग्रीसचा पातळ हात द्या, आणि दिवाळीला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि पावसाच्या तोंडावर जुना पुसून नवा लावा. एवढं करणारा माणूस गावात नसेल तर मंद पोलादी राखाडी द्या. चांदी नको. पितळी प्लेटची अक्षरं घासून उजळा, मधली जागा रंगवा, अख्खी प्लेट रंगात बुडवू नका.

काम संपल्यावर वही बंद करायची घाई नको. कोणत्या सालचं इंजिन दाखवलंय, कोणत्या जागी खळगे केले, कुठल्या थरात काय दिसलं, रंगाचे नंबर काय, अंदाजाने काय केलं आणि पुराव्याने काय, हे सगळं लिहून एक प्रत इंजिन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना द्या. आणि एक खळगा तसाच राखा. त्यावर नुसतं पारदर्शक व्हार्निश मारा, भोवती बारीक चौकट आखा आणि खाली तारीख घाला.

ती दुधी रेघ सापडलेल्या इंजिनावर मी तशी चौकट ठेवली आहे. कॅबमध्ये, फायरमनच्या बाकड्यामागे. आबांना मागच्या आखाजीला तिथे घेऊन गेलो होतो. गुडघे दुखत होते तरी वर चढले, चष्मा पुसून बराच वेळ त्या नाण्याएवढ्या जागेकडे बघितलं, आणि मग पाण्याचा ग्लास मागितला.